जुन्या लेव्हल्स, नवी आवृत्ती आणि मधे अडकलेलं तुझं इंजिन

प्रश्न: बाबांच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर मी लहानपणी ‘चिप्स चॅलेंज’ हा चौकटींच्या पटावरचा कोड्यांचा खेळ खेळायचो. कॉलेजात आल्यावर त्याच लेव्हल्स चालवणारं स्वतःचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्रॅम, लिहिलं. मूळ खेळाची ‘चिप्स डॉट डॅट’ फाइल त्यात उघडते, बहुतेक लेव्हल्स सुटतातही. मध्यंतरी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावरची नवी आवृत्ती विकत घेतली, तर काही लेव्हल्स तिच्यात वेगळ्याच वागतात. आता इंजिनात जुने नियम ठेवू की नवे? आणि लेव्हलच्या फाइल्स माझ्या प्रोग्रॅमबरोबर वाटल्या तर चालेल का? (सिडको, नाशिक)

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे म्हणून ते आधी: नाही चालणार. का, ते पुढे सांगतो.

पहिल्याचं उत्तर: दोन्ही ठेव. पण ‘दोन्ही’ कसे ठेवायचे यात सगळी मेख आहे, आणि तिथेच बहुतेकांची इंजिनं दोन वर्षांत बिघडतात. माझं स्वतःचंही बिघडलं होतं.

मी दिवसा अंबडला कारखान्यातल्या मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकांचे, म्हणजे पीएलसीचे, प्रोग्रॅम लिहितो आणि रात्री, गेली पंधरा-सोळा वर्षं, जुन्या कोड्यांचे खेळ चालवणाऱ्या इंजिनांची डागडुजी करतो. घरचे म्हणतात, दोन्हीकडे तू खोकीच सरकवतोस. खरंय, आणि दोन्हीकडचं दुखणंही एकच आहे, म्हणून आधी कारखान्यातला किस्सा.

एका ठिकाणी जुना पीएलसी जळाला. नवीन मॉडेल बसवलं, प्रोग्रॅम जशाचा तसा उतरवला, एक ओळही बदलली नाही. पहिल्याच पाळीला क्लॅम्प पुरता बसायच्या आत ड्रिल खाली यायला लागलं. शोधत बसलो तेव्हा कळलं, की ज्याने कोणी मूळ प्रोग्रॅम लिहिला होता त्याने टायमर लावलाच नव्हता. ‘दहा स्कॅन थांब आणि पुढे जा’ एवढंच. स्कॅन म्हणजे पूर्ण प्रोग्रॅमची एक फेरी; जुना पीएलसी एका स्कॅनला वीसेक मिलिसेकंद घ्यायचा, म्हणजे दहा स्कॅनला २००. क्लॅम्पला तेवढे पुरायचे. नवा दोन मिलिसेकंदांत स्कॅन मारायचा. प्रोग्रॅम बरोबर, पीएलसी बरोबर, आणि जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, भंगारात. प्रोग्रॅमचा एक भाग त्या जळालेल्या डब्याच्या संथपणात होता आणि तो कुठेच लिहून ठेवलेला नव्हता.

लेव्हलचं अगदी हेच आहे. फाइलमध्ये असतो तो नकाशा. लेव्हलचा उरलेला भाग असतो ती ज्या इंजिनावर बनवून, खेळून, ‘सुटते बरं का’ म्हणून पास झाली त्या इंजिनात. त्याच्या बग्जसकट.

आता तुझ्या खेळाचं बघू. ‘मूळ खेळ’ असं तू लिहिलंयस, पण मूळ कुठलं? चक सॉमरव्हिल यांनी तो केला अटारीच्या लिंक्स या हातातल्या यंत्रासाठी, १९८९ मध्ये, एपिक्स कंपनीकडून. त्यात १४८ लेव्हल्स. बाबांच्या दुकानात तू खेळलास ती मायक्रोसॉफ्टची विंडोज आवृत्ती, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, ‘एंटरटेनमेंट पॅक’मधली. तिच्यात १४९. मायक्रोसॉफ्टने खेळ नव्याने लिहून काढला, आणि लिहिताना काही लेव्हल्स बदलल्या, नियम तर पुष्कळच बदलले. जगभर लोकांच्या हाती पडली ती विंडोजवालीच, त्यामुळे लोकांच्या मनातलं ‘मूळ’ तेच झालं. मग हक्कांचा घोळ झाला. दुसरा भाग तयार असून अनेक वर्षं पडून राहिला. २०१५ च्या मे महिन्यात दोन्ही भाग एकदम स्टीमवर आले. स्टीमवरचे नियम लिंक्सच्या वळणाचे आहेत. म्हणजे तुला जी ‘नवी’ वागणूक वाटते आहे, ती बऱ्याच ठिकाणी तुझ्या आठवणीपेक्षा जुनी आहे! त्यामुळे ‘जुने की नवे’ असं म्हणणं सोड. विंडोजचे नियम, लिंक्सचे नियम, स्टीमचे नियम अशी सरळ तीन नावं वापर. कोडमध्ये ‘ओल्ड’ आणि ‘न्यू’ असं काहीही लिहू नकोस. चार वर्षांनी कोणीतरी आणखी एक आवृत्ती काढेल आणि मग तुझं ‘न्यू’ शिळं होईल.

फरक केवढा बारीक असतो ते एका उदाहरणात दाखवतो. वहीत चौकटी आखून घे.

मधे एक रिकामं घर. त्याच्या डावीकडून एक गुलाबी चेंडू उजवीकडे येतोय, वरून दुसरा चेंडू खाली येतोय. दोघंही त्या घरापासून एकाच घरावर. चेंडूचा नियम सोपा: सरळ जा, अडलास तर उलटा फिर. पुढच्या चालीत काय होईल? ज्याची पाळी आधी, तो घरात शिरेल. दुसऱ्याला ते घर भरलेलं दिसेल, तो आल्या वाटेने परत फिरेल. आता वरून येणाऱ्या चेंडूच्या मागे, त्याच्या परतीच्या वाटेवर, एक तपकिरी बटण ठेव, जे दाबलं की सापळा उघडतो. डावा चेंडू आधी हलला तर वरचा परत फिरून बटण दाबेल, सापळा उघडेल, लेव्हल सुटेल. वरचा आधी हलला तर बटण तेव्हा दाबलं जाणार नाही आणि तू सापळ्यात बसून घड्याळ बघत राहशील.

नकाशा दोन्ही वेळी तोच. ठरवलं कोणी? पाळीच्या क्रमाने. विंडोजच्या फाइलमध्ये हलणाऱ्या मॉन्स्टर्सची यादी प्रत्येक लेव्हलबरोबर लिहिलेली असते आणि त्याच क्रमाने ते हलतात. यादीत नाव नसेल तर तो मॉन्स्टर जागेवरून हलतच नाही, आणि कित्येक लेव्हल्समध्ये असे पुतळे मुद्दाम उभे केलेले आहेत. लिंक्सच्या पद्धतीत यादी नकाशावरच्या जागेवरून बनते आणि हालचाल यादीच्या शेवटाकडून सुरू होते. बटणांचंही तसंच: विंडोजच्या फाइलमध्ये कुठलं बटण कुठल्या सापळ्याला जोडलंय ते लिहिलेलं असतं, लिंक्सवर बटण वाचनक्रमाने पुढे येणाऱ्या सापळ्याला जोडलं जातं. बनवणाऱ्याने मुद्दाम तिसऱ्याच सापळ्याला तार जोडली असेल, तर लिंक्सच्या नियमाने ती लेव्हल वेगळंच काहीतरी होऊन बसते.

माझं बिघडलं ते इथेच. लेव्हल एडिटर लिहिताना मला ती मॉन्स्टर्सची यादी अस्ताव्यस्त दिसली. स्वच्छतेची हौस! सेव्ह करताना यादी वरून खाली, डावीकडून उजवीकडे अशी लावून टाकली. एका मित्राने त्याच्या संचातल्या फक्त शुद्धलेखनाच्या चुका माझ्या एडिटरमध्ये दुरुस्त केल्या आणि पुढे दिला. महिन्याभराने एकेक तक्रार येऊ लागली: अमुक लेव्हल अशक्य आहे, तमुक लेव्हलमध्ये काही न करता दार उघडतं. अकरा लेव्हल्स मेल्या होत्या. मूळ फाइल त्याच्याकडे उरली नव्हती. एका तिसऱ्याच्या सीडीवर सापडली म्हणून निभावलं. तेव्हापासून एक पथ्य पाळतो: फाइलमधली जी गोष्ट मला निरर्थक वाटते तिला हात लावायचा नाही. वाचली तशीच, त्याच क्रमाने, परत लिहायची.

चिप्स चॅलेंजमध्ये निदान यादी फाइलमध्ये तरी आहे. १९८४ च्या ‘बोल्डर डॅश’मध्ये याहून गंमत आहे. त्याच्या गुहांचा पूर्ण नकाशा साठवलेलाच नाही. साठवलाय तो मुख्यतः एक बीजांक, आणि कुठली वस्तू किती प्रमाणात पडावी याचे आकडे. त्या बीजांकावरून खेळाचं स्वतःचं ‘यादृच्छिक’ गणित चालवलं की दगड कुठे, हिरे कुठे ते ठरतं. तू तुझ्या भाषेतलं तयार रँडम फंक्शन वापरलंस तर गुहा उभी राहील, छान दिसेल, आणि ती साफ वेगळी गुहा असेल. तिथे बेरीज करणारं ते चार ओळींचं फंक्शनच लेव्हल आहे म्हण ना.

उलट टोकाला ‘सोकोबान’. १९८२ चा जपानी खेळ. भिंतीला #, खोक्याला $, खेळाडूला @, ठेवायच्या जागेला टिंब. साध्या मजकुरात लेव्हल लिहितात, टपाल कार्डावर मावेल अशी. घड्याळ नाही, मॉन्स्टर नाही, पाळीचा प्रश्नच नाही. त्यामुळे चाळीस वर्षांत शेकडो आवृत्त्या निघाल्या तरी लेव्हल्स जशाच्या तशा चालतात. सुसंगतीचा त्रास कोड्याच्या अवघडपणावर नसतो. एकाच क्षणी किती गोष्टी हलतात यावर असतो.

आता कामाचं.

तुझी डॅट फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघड. पहिले चार बाइट दिसतील: एसी, एए, ०२, ००. ही सही. पुढचे दोन: ९५, ००. हेक्समधलं ९५ म्हणजे नऊ सोळे एकशे चव्वेचाळीस अधिक पाच, १४९. म्हणजे विंडोजचाच संच. पुढे प्रत्येक लेव्हलची लांबी, क्रमांक, वेळ, गोळा करायच्या चिप्सची संख्या, मग ३२ बाय ३२ चा नकाशा दोन थरांत, दाबून बसवलेला: एफएफ दिसलं की पुढचा बाइट ‘किती वेळा’ आणि त्यापुढचा ‘कुठलं घर’. त्यानंतर नाव, पासवर्ड, सापळ्यांच्या तारा, मॉन्स्टर्सची यादी.

हे सगळं तुला माहीत असणारच, फाइल उघडते म्हणतोस. सांगायचंय ते सहीबद्दल. ब्रायन रेटर यांच्या ‘टाइल वर्ल्ड’ या मोफत इंजिनाने फार पूर्वी एक शहाणपणा केला: सहीचा शेवटचा बाइट ०० असेल तर विंडोजचे नियम, ०१ असेल तर लिंक्सचे. शिवाय फाइलला हात न लावता बाहेरून सांगायचं असेल तर शेजारी दोन-तीन ओळींची एक छोटी मजकूर फाइल ठेवायची: संच कुठला, नियम कुठले. तूही हेच कर. नवीन पद्धत शोधू नकोस. लोकांच्या हजारो लेव्हल्स याच खुणा घेऊन फिरताहेत. जिथे खूणच नाही तिथे खेळणाऱ्याला विचार, आणि त्याने दिलेलं उत्तर त्या संचापुरतं लक्षात ठेव. फाइलच्या नावावरून अंदाज मात्र कधी बांधू नकोस. ‘फायनल_नवी_२’ अशी नावं ठेवणारी माणसं आपणच आहोत.

नियमांचं कोड किती वेगळं ठेवायचं? टाइल वर्ल्डमध्ये विंडोजचं आणि लिंक्सचं तर्कशास्त्र दोन स्वतंत्र फाइल्समध्ये आहे. पुढे आलेल्या ‘लेक्सीज लॅबिरिंथ’सारख्या इंजिनात एकच गाभा आहे आणि त्यावर सुसंगतीची बटणं, म्हणजे चालू-बंद करायचे पर्याय. माझं मत मधलं आहे. विंडोजवर माणूस एका घरातून टुणकन दुसऱ्या घरात जातो. लिंक्सवर तो सरकत जातो, मधल्या टिकांना (टिक म्हणजे खेळाच्या घड्याळाचा एक ठोका) दोन घरांच्या मधे असतो. हा फरक बटणांनी झाकायला जाशील तर प्रत्येक फंक्शनमध्ये ‘जर विंडोज असेल तर’ लिहावं लागेल आणि वर्षभरात तुलाच ते वाचता येणार नाही. म्हणून विंडोज वेगळं, पूर्ण वेगळं, थोडी पुनरावृत्ती झाली तरी चालेल. लिंक्स आणि स्टीम मात्र एकाच घराण्यातले. तिथे एक गाभा आणि वर मोजकी बटणं. प्रत्येक बटणाला नाव असं दे की ते काय करतं ते कळावं. ‘स्टीम मोड’ नको; ‘बर्फावर ठोकळा अडला तर काय’ असं हवं.

स्टीमबद्दल एक सावधगिरी. ती आवृत्ती आपोआप अपडेट होते. आज तू जे वागणं नोंदवलंस ते कुठल्या बिल्डवर, म्हणजे अपडेटनंतरच्या कुठल्या प्रतीवर, बघितलं, तो क्रमांक नोंदीत लिहून ठेव. नाहीतर पुढच्या वर्षी कोणी ‘असं होत नाही’ म्हणालं, तर दोघंही खरं बोलत असाल आणि भांडत बसाल.

पुनर्प्रकाशनात लेव्हल बदलली असेल तर तिला जुनीची दुरुस्त प्रत समजू नकोस. ती दुसरी लेव्हल आहे. नावही तेच, क्रमांकही तोच, पासवर्डही तोच, तरी दुसरी. टाइल वर्ल्डच्या सोडवणुकीच्या फाइलमध्ये लेव्हलची ओळख क्रमांक आणि चार अक्षरी पासवर्डने पटवतात. त्या काळी ते पुरलं. तू नकाशाचे दोन्ही थर, मॉन्स्टर्सची यादी आणि तारा मिळून एक हॅश, म्हणजे त्या सगळ्यावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढ आणि तीच लेव्हलची ओळख धर. लेव्हलचं नाव हॅशमध्ये घेऊ नकोस, शुद्धलेखन सुधारलं म्हणून कोणाचा विक्रम पुसला जायला नको. आणि जुन्या फाइलवरून नवी वागणूक हवी असेल तर फाइल न बदलता, ती वाचतानाच मेमरीत दुरुस्ती लाव. टाइल वर्ल्डमध्ये अशी सोय आहे: मायक्रोसॉफ्टने केलेले बदल, फाइल उघडताना, उलटे फिरवून लिंक्ससारखा संच उभा करायची. डिस्कवरची फाइल तशीच राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नियम बरोबर लिहिलेत हे कशावरून?

आपल्याकडे गोदेला पूर आला की पाणी किती क्युसेकने सोडलं ते पेपरात येतं, पण गावात विचारतात एकच: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. आजोबांनी सांगितलेला पूर आणि यंदाचा पूर यांची तुलना होते ती मारुती जागचा हललेला नाही म्हणून. उद्या कोणी हौसेने चौथरा दोन फूट उंच केला तर पिढ्यांच्या आठवणी एका झटक्यात वाया.

तुझ्या इंजिनाला असा मारुती हवा, आणि तो म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सोडवणुकी. कुठल्या टिकाला कुठली कळ दाबली, एवढीच यादी. खेळाचं एक सेकंद म्हणजे २० टिक धरतात. माणूस साध्या जमिनीवर सेकंदाला पाच घरं चालतो, बर्फावर दुप्पट. ती यादी इंजिनाला भरव, चित्र काढणं बंद ठेव, आणि शेवटी लेव्हल सुटली की नाही ते बघ. पडद्याशिवाय चालवलं तर अख्खा १४९ चा संच चहा गार व्हायच्या आत होतो. कोडमध्ये स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळ्या सोडवणुकी पुन्हा चालव. एक जरी फसली तरी बदल मागे. सोडवणूक ‘जुळवून’ घ्यायची नाही. तो चौथरा उंच करणं झालं.

लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या टाइल वर्ल्डच्या सोडवणुकी मिळतात, त्यांनी सुरुवात कर. वाचताना तीन गोष्टी विसरू नकोस, कारण त्या कळांच्या यादीत नसून तिच्या डोक्यावर लिहिलेल्या असतात: यादृच्छिक आकड्याचा बीजांक, रँडम ढकलपट्टीची (जी माणसाला कुठल्याही दिशेला ढकलते) सुरुवातीची दिशा, आणि पाऊल सम की विषम. शेवटची भानगड अशी, की ‘टीथ’ आणि ‘ब्लॉब’ हे दोन मॉन्स्टर निम्म्या वेगाने चालतात, एक चाल सोडून. ते पहिल्या चालीला हलतात की दुसऱ्या, यावर पुढचं सगळं अवलंबून. तुझ्या ज्या लेव्हल्स सुटत नाहीत त्यात टीथ आहेत का बघ. माझी पैज त्यावरच आहे.

सोडवणूक फसली की लोक शेवटाकडे बघतात, माणूस कुठे मेला ते. तिथे काही सापडत नाही. प्रत्येक टिकाला पूर्ण पटाचा हॅश लिहून ठेवणारं एक साधन बनव, टाइल वर्ल्डच्या कोडमध्येही तीच एक ओळ घाल, आणि दोन्हीच्या याद्या शेजारी ठेवून पहिला वेगळा आकडा शोध. माणूस १,८४० व्या टिकाला मेलेला असतो आणि चूक ३७ व्या टिकाला झालेली असते, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या चेंडूची, जो पडद्यावर दिसतही नसतो. पडद्यावर नऊ बाय नऊच घरं दिसतात, पट मात्र ३२ बाय ३२ आहे.

आणि अर्थातच वेळ पूर्णांकात मोज, अपूर्णांकी सेकंदांत नको. रँडम फंक्शन स्वतःचं लिही. मॉन्स्टर्स अशा रचनेत ठेवू नकोस जिचा क्रम भाषेच्या मर्जीवर असतो. यावर जास्त लिहीत नाही, एकदा हात पोळला की कळतं.

‘चिप्स चॅलेंज २’च्या फाइलची एक गोष्ट मला फार आवडते. तिच्यात लेव्हलबरोबर तिचा रीप्लेही, म्हणजे रेकॉर्ड केलेली सोडवणूकही, त्याच फाइलमध्ये ठेवायची जागा आहे. म्हणजे लेव्हल आपल्या सुटण्याचा पुरावा पदरात बांधूनच फिरते. तू स्वतःचं फॉरमॅट काढणार असशील तर एवढं मात्र उचल. रीप्लेशिवाय लेव्हल सेव्हच करू देऊ नकोस म्हणेन मी, पण माझे मित्र म्हणतात हा जुलूम आहे.

पुढचा मुद्दा फक्त आपल्याला लागू. तू मराठी नावांच्या लेव्हल्स बनवशील. जुन्या डॅट फाइलमध्ये नावाच्या लांबीला एकच बाइट आहे आणि अक्षरं एकेरी बाइटची गृहीत धरलेली. युनिकोड देवनागरीला यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘श्री’ या एका अक्षरातच श, हलन्त, र, वेलांटी, म्हणजे बारा बाइट गेले. जुन्या इंजिनात ते कचरा दिसणार. वीस वर्षांपूर्वी आमच्यातल्या दोघांनी नावं श्रीलिपी फाँटमध्ये टाइप करून फाइलमध्ये घातली होती. तेव्हा त्यांच्या संगणकावर सुरेख दिसायची, आज ती उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि टोप्यांची रांग दिसते. म्हणून डॅटमध्ये रोमन अक्षरांत साधं नाव ठेव आणि मराठी नाव, इशारे, बनवणाऱ्याचं नाव शेजारच्या यूटीएफ-८ फाइलमध्ये. जुन्या इंजिनाला ती फाइल दिसणारच नाही, कोणाचं बिघडणार नाही.

आता फाइल्स वाटण्याचं. मी वकील नाही, पण यात फार खोल जायची गरजही नाही. मूळ १४९ लेव्हल्स कोणाच्या तरी मालकीच्या आहेत आणि आज स्टीमवर अधिकृतपणे मिळताहेत. ‘इतकी वर्षं कोणी विचारलं नाही’ हा युक्तिवाद खेळ दुकानात नव्हता तोवर निदान तोंडदेखला करता यायचा, आता तोही गेला. टाइल वर्ल्डने मूळ फाइल कधीच सोबत दिली नाही. ज्याच्याकडे आहे त्याने आपली आणून ठेवावी. तूही एक ‘फाइल निवडा’ बटण दे, बस. दुसऱ्या बाजूने, सुसंगत इंजिन लिहिणं हा काही गुन्हा नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एबी) आहे: ज्याच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीररीत्या आहे तो, स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती काढू शकतो, ती सहज उपलब्ध नसेल तर. इथे फॉरमॅटची माहिती उघड आहे, त्यामुळे तेवढी वेळही येत नाही. चित्रं आणि आवाज मात्र स्वतःचे कर आणि इंजिनाला खेळाचं नाव देऊ नकोस.

मग नव्या माणसाने तुझं इंजिन उतरवून खेळायचं काय? हाच प्रश्न जगभरच्या लोकांना पडला होता. त्यांनी स्वतःच्या लेव्हल्सचे संच मतदानाने निवडून काढले. २००२ चा दुसरा संच विंडोजच्या बग्जवर इतका बसलेला होता की लिंक्सच्या नियमांत तो तसाच चालत नाही, त्याची वेगळी आवृत्ती करावी लागली. त्यातून धडा घेऊन २०१४ मध्ये आलेला संच दोन्ही नियमांत सुटेल असा बेतला, सोपा, मोफत वाटता येणारा, मूळ संचाची जागा घेईल असा. म्हणून त्याला क्रमांक एक दिला, दोन आणि तीन आधी येऊन गेले असूनही. ‘सीसीएलपी १’ म्हणतात. तो सोबत दे, त्याची माहिती-फाइल आणि बनवणाऱ्यांची नावं न काढता.

शेवटचं, आणि हे आजच कर. बाबांचा तो संगणक अजून दुकानात असेल तर त्याच्या डिस्कची प्रत काढ, चालू करून खेळत बसण्याआधी. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘एंटपॅक डॉट आयएनआय’ नावाची मजकूर फाइल शोध. विंडोजची आवृत्ती तिच्यात प्रत्येक सुटलेल्या लेव्हलचा पासवर्ड, उरलेला वेळ आणि गुण लिहून ठेवते. पहिल्या लेव्हलसमोर ‘बीडीएचपी’ दिसेल. कळांची यादी तिच्यात नाही, पण प्रत्येक आकडा म्हणजे खऱ्या विंडोज आवृत्तीवर खऱ्या माणसाने केलेली एक नोंद आहे. एखाद्या लेव्हलला त्या नोंदीत ८० सेकंद उरलेत आणि तुझ्या इंजिनात जिवाचा आटापिटा करून ७६ च्या वर जाता येत नसेल, तर तेव्हा तू कुठल्या वाटेने गेला होतास ते आठव. तुझ्या विंडोजच्या नियमांत नेमकी ती जागा चुकलेली असेल.